एकवीस नंबरचा खांब

१

शुक्रवारी सकाळी सात वाजता संघमित्राबाई वासनिक जुनवानीच्या पलीकडच्या त्या ओसाड मैदानात पोहोचल्या, तेव्हा गिरजाबाई एका गंजक्या खांबापाशी खड्ड्याच्या काठावर बसलेल्या होत्या. खड्डा गुडघाभर खोल होता, माती चहूकडे उधळलेली होती आणि खांब एका अंगाला कलला होता.

“गेला बाई,” गिरजाबाई म्हणाल्या. “आपल्या आधी कोणी तरी येऊन गेला.”

त्या रडत नव्हत्या. सत्तरी ओलांडलेल्या या बाईने रडणं सोमवारसाठी राखून ठेवलं असावं. सोमवारी तहसीलदारापुढे त्यांच्या घराची सुनावणी होती.

घर म्हणजे एके काळच्या ‘चंद्रलोक’ची केबिन. गाडीत बसून सिनेमा पाहायचं थेटर भिलाईत होतं, हे आज सांगितलं तर पोरं हसतात. पण होतं. स्कूटरवाले पुढच्या दोन ओळींत, मोटारवाले मागच्या उंचवट्यांवर, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक लोखंडी खांब, त्यावर टांगलेला स्पीकर. तीसेक वर्षांपूर्वी ते बंद पडलं. पडद्याचा पत्रा भंगारात गेला, सांगाडा तेवढा उभा राहिला. उंचवट्यांवर बेशरमची झुडपं माजली. उरले ते खांब, आणि दोन ओळींच्या मागची मशीनची केबिन. तिच्या भिंतीत दोन चौकोनी भोकं. त्यांतून गिरजाबाईंचा नवरा चंपत पडद्यावर सिनेमा सोडायचा. थेटर बंद झाल्यावर दोघांनी तिथेच संसार मांडला. एका भोकाला खिडकी बसवली, दुसऱ्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली.

आता मालकाच्या वारसांनी मैदान एका बिल्डरला विकलं होतं. यंदा गिरजाबाई धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाऊन परतल्या, तर दाराला नोटीस चिकटवलेली. बेजा कब्जा, म्हणजे अतिक्रमण; जागा खाली करा. खरं तर म्हाताऱ्या मालकाने थेटर बंद करताना चंपतला स्टँपपेपरवर जागा लिहून दिली होती, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. चंपतने तो कागद रिळाच्या डब्यात घालून, डबा डांबराने बंद करून पुरून ठेवला. दोन वर्षांपूर्वी मरताना तो बायकोला एवढंच म्हणाला होता, “कागद एकवीस नंबरच्या खांबाच्या बुडाशी हाय. काम पडलं तरच काढजो.”

काम पडलं होतं. वकिलाने बजावलं होतं की कागद पंचांसमोर काढा, म्हणजे कुणी नाव ठेवणार नाही. म्हणून शुक्रवारची सकाळ ठरली होती. पंच अजून यायचे होते, आणि खड्डा आधीच झाला होता.

संघमित्राबाईंनी साडीचा पदर खोचला आणि त्या सरळ खड्ड्यात उतरल्या. वय एकसष्ट. अख्खी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रुळांची तपासणी करण्यात गेलेली. वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटातली भेग शोधायची आणि मग साहेब कितीही घाईत असला तरी तो रूळ पास करायचा नाही, एवढंच काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावरही खोड गेली नाही. सेक्टरमध्ये कुणाचं काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी त्यांच्याकडे येत. पोलीस निदान चहा तरी घेतात, ही बाई तोही घेत नाही, असं लोक म्हणत.

त्यांनी माती बोटांत चुरून पाहिली. लाल मुरूम, दगड, मुळं.

“मावशी, हा एकवीसवा कोणी मोजला?”

“मीच मोजून राहिली ना आता. पेंट तं कवाचा उडाला. एका वळीत बारा खांब. दुसऱ्या वळीतला नववा. झाला का नाई एकवीस?”

हिशेब बरोबर होता. खोदणाऱ्यानेही हाच हिशेब केला होता. म्हणजे ‘एकवीस’ हा आकडा त्याला ठाऊक होता.

“आकडा कोणाकोणाले सांगितला तुमी?”

गिरजाबाईंनी खाली पाहिलं. “बुधवारी चहा पिता पिता बोलून गेली बाई. तिघं होते.”

२

तिघांतला पहिला अमरदीप, चंपतच्या भावाचा मुलगा. हथखोजच्या एका कारखान्यात वेल्डर. मोठी मायने, म्हणजे गिरजाबाईंनी, हे भूतघर सोडून आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता.

दुसरे कृष्णराव ठवकर. रेल्वेत रुळांच्या गँगचे मुकादम होते, आता दुर्गला पद्मनाभपुरात राहत. ड्युटी संपली की संध्याकाळी ‘चंद्रलोक’च्या गेटवर उभे राहत आणि फुकटात सिनेमा पाहत. चंपतचे जिवाभावाचे दोस्त. गिरजाबाई त्यांना भाऊ मानत.

तिसरा चहाला बोलावलेला नव्हता. बिल्डरचा सुपरवायझर विजयकुमार. तो त्या वेळी खिडकीबाहेर टेप धरून माप घेत होता, आणि टेप बराच वेळ एकाच जागी होता.

“भाऊनंच म्हटलं, गुरुवारी दुर्गला जाऊन वकिलाले भेटून या, मंगच हात लावा,” गिरजाबाई म्हणाल्या. “म्हणून तं काल तुमाले घेऊन गेली. काल दिवसभर इथं कोणीच नव्हतं.”

“अना अमरदीप?”

“त्याची काल डबल ड्युटी होती. पण त्याच्यावर नका जाऊ बाई. पोरगा तोंडानं फाटका हाय, मनानं नाई.”

 मनानं कसा आहे हे रुळाबद्दलसुद्धा संघमित्राबाई नुसत्या नजरेने सांगत नसत.

केबिनीच्या सावलीत उभं राहून त्यांनी मैदान डोळ्यांखालून घातलं. मधोमध पडद्यापर्यंत गेलेली वाट, तिच्या दोन्ही अंगांना सहा सहा खांब. आणि त्यांना उगाचच लहानपणची मैत्रीण जया आठवली. तेरा वर्षांच्या होत्या तेव्हा. त्यांच्या बाबांची स्कूटर आणि जयाच्या बाबांची स्कूटर गेटवर एकामागोमाग आली होती. यांना आठ नंबरचं टोकन मिळालं, जयाला नऊ. शेजारी शेजारी बसून फुटाणे खाऊ असं दोघींनी आठवडाभर ठरवलं होतं, आणि जया जाऊन बसली वाटेच्या पलीकडे, थेट दुसऱ्या टोकाकडे. पूर्ण सिनेमाभर त्या रडल्या होत्या. पडद्यावर काय चाललं होतं ते आजही आठवत नव्हतं, फक्त जयाची लाल रिबन आठवत होती.

म्हातारपणी मन असं कुठेही भरकटतं, असं स्वतःला दटावून त्या विजयकुमारच्या पत्र्याच्या ऑफिसकडे निघाल्या.

३

विजयकुमारने खुर्ची दिली. माणूस वागायला गोड होता आणि ते गोड वागणं त्याच्या कामाचा भाग होता.

“मॅडम, मैं क्यों खोदूँगा? मेरे पास जेसीबी खड़ी है. मुझे डब्बा चाहिए होता तो मैं पूरे साठ के साठ खंभे उखाड़ देता और बोलता, सफाई चल रही है.”

हे खरं होतं. संघमित्राबाईंना ते पटलंही, आणि पटल्याचा रागही आला.

“बुधवारी खिडकीखाली ऐकलं का नाही?”

“सुना. झूठ नहीं बोलूँगा.” तो हसला. “पर सुनके मुझे कोई टेंशन नहीं हुआ. कागज मिल भी जाए तो क्या? दो गवाह थे. एक मर गया. दूसरे ने हमको शपथपत्र दे दिया है कि ऐसा कोई कागज कभी बना ही नहीं.”

संघमित्राबाई उठता उठता थांबल्या. “दुसरा साक्षीदार? कोण?”

विजयकुमारच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो. त्याने मोबाइल कानाला लावला. मोबाइल वाजलेला नव्हता.

“सोमवार को तहसील में पता चल जाएगा, मॅडम.”

साक्षीदार कोण होते हे गिरजाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि सह्या झाल्या त्या दिवशी त्या बाहेर भजी तळत होत्या. म्हणजे त्या कागदावर अशा एका जिवंत माणसाची सही होती, ज्याने आता उलटं लिहून दिलं होतं. कागद वर आला तर बिल्डरचं नुकसान होणार, पण तो माणूस तर उघडाच पडणार.

४

अमरदीप कारखान्याच्या गेटबाहेर टपरीवर सापडला. संघमित्राबाईंनी त्याला “जय भीम” घातला आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. वेल्डरचे हात राठ असतात, भाजलेले असतात. पण तळव्यावर पाण्याने भरलेले ताजे फोड होते.

“फावड्याची सवय नाई वाटते तुले?”

अमरदीपने मूठ मिटली. मग उघडली. मग टपरीवरून चार पावलं बाजूला आला.

“संघमित्रा मावशी, मैंने खोदा. आज पहाटं, मोठी माय उठायच्या अना ड्युटीच्या आधी.”

“कावून?”

“तो विजयकुमार बुधवारी खिडकीखाली उभा होता. मले दिसला ना. मले वाटलं, हा काढून घेईल. म्हणून मीच काढून ठेवावा अना सोमवारी मोठी मायच्या हातात द्यावा.” त्याचा आवाज चढला. “पण काहीच नव्हतं! कमर टूट गई, दगड अना मुळ्या. डब्बा नाहीच.”

“मंग सांगितलं कावून नाही?”

“कोण मानेल? हा तं तिले घर सोड म्हणून भांडत होता, यानंच गायब केला, असंच म्हणतील ना सगळे. तुम्ही पण म्हणाल.”

“मी नाई म्हणत,” संघमित्राबाई म्हणाल्या, “कारण मी खड्डा पाहिला. तीस वर्षं लोखंडी डबा मातीत होता तर माती गंजानं तांबूस-काळी पडायला पाहिजे, डांबराचा तुकडा तरी सापडायला पाहिजे. तुझ्या खड्ड्यात तसं काहीच नव्हतं. तिथं डबा कधी पुरलाच नव्हता.”

अमरदीप त्यांच्याकडे बघत राहिला. “म्हणजे मोठे बाबा मरताना खोटं बोलले?”

“चंपतभाऊ खोटं बोलले नाहीत. आपण मोजणं चुकलो.”

पण चुकलो कुठे, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. शुक्रवार मावळत होता. मध्ये दोनच दिवस उरले होते. घरी जाऊन त्यांनी देव्हाऱ्यासारख्या नीट आवरलेल्या टेबलावर कागद पसरला, साठ खांबांचा नकाशा काढला आणि उजवीकडून, मागून, खालून मोजून पाहिलं. प्रत्येक वेळी एकवीस नव्या ठिकाणी येई. सगळे उपटायला त्या काही विजयकुमार नव्हत्या.

शेवटी त्यांनी गिरजाबाईंना फोन लावला. “मावशी, खांबांवर नंबर कोणी टाकले होते?”

“कृष्णराव भाऊनं. त्याइचाच हात चांगला होता ना पेंटचा.”

५

शनिवारी दुपारी कृष्णराव पद्मनाभपुरातल्या घराच्या अंगणात खाटेवर बसलेले होते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, आवाज मात्र अजून गँगला हाका मारणारा. त्यांची बायको वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. आज संघमित्राबाईंनी चहा घेतला, कारण अंगणात थोडा वेळ बसायचं होतं.

“नंबर?” कृष्णराव म्हणाले. “हो, मीच टाकले होते. पण आता काय आठवते बाई, पन्नासेक वर्षं झाली. एकापासून मोजत जा, एकवीस येईलच.”

“सरळ? डावीकडून उजवीकडं?”

“सरळच. वाकडं कायले मोजीन मी?”

ते हसले, पण कपाला हात लावेनात. संघमित्राबाईंची नजर भिंतीशी गेली. तिथे एक जुना बीटर टेकवलेला होता. रुळांच्या खाली गिट्टी ठोकून बसवायचं लोखंडी अवजार. रिटायर होताना गँगने त्यांना आठवण म्हणून दिलेलं, दरवर्षी तेल लावून ठेवलेलं. आज त्याच्या टोकाला लाल मुरूम वाळला होता.

“रोज साफ करतात,” वच्छलाबाई त्यांची नजर पाहून म्हणाल्या. “गुरुवारपासून मन लागून नाई राहिलं त्याइचं कशात. पोराशी, राजकुमारशी बी बोलत नाहीत.”

“राजकुमार कुठं असतो आता?”

“त्या चंद्रलोकच्या जमिनीवाल्याइच्या ऑफिसात लागला ना, तीन महिने झाले.” वच्छलाबाईंनी सहज सांगितलं. कृष्णराव एकदम उठले आणि गुडघा धरून आत गेले.

संघमित्राबाई बाहेर पडल्या. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी येत होती, प्लांटचेच लांब रूळ घेऊन जाणारी. त्या स्कूटी बंद करून उभ्या राहिल्या. गाडी गेली. समोर विजेच्या तारांचे खांब रांगेत उभे होते. अलीकडच्या खांबांवर रंगवलेले आकडे त्यांनी नुसते डोळ्यांना चाळा म्हणून वाचले. सतरा. एकोणीस. एकवीस. तेवीस.

त्यांनी पलीकडच्या लाइनीच्या खांबांकडे पाहिलं. अठरा. वीस. बावीस.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवू लागले, कुणीतरी ओरडलंसुद्धा. संघमित्राबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे लाल रिबन आली होती. आठ इकडे, आणि नऊ पार तिकडे.

६

तासाभरात त्या मैदानात होत्या. गिरजाबाई आणि अमरदीप त्यांच्या मागे मागे.

“रेल्वेचा माणूस खांब असे मोजतो,” त्या भराभर चालत सांगू लागल्या. “एका लाइनीच्या अंगाला विषम, दुसऱ्या लाइनीच्या अंगाला सम. जन्मभर तेच पाहिलं, तर इथं दुसरं कुठून येणार? ही मधली वाट म्हणजे त्याइची लाइन. पडद्याकडं तोंड करा. डावीकडं एक, तीन, पाच. उजवीकडं दोन, चार, सहा. वाटेपासून बाहेर मोजत जायचं. पहिल्या ओळीत डावीकडं अकरापर्यंत झाले. दुसऱ्या ओळीत तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस…”

दुसऱ्या ओळीतल्या डावीकडच्या पाचव्या खांबापाशी त्या थांबल्या.

खांब सरळ उभा होता. जमीन सपाट होती. कुणालाही काही दिसलं नसतं. पण पावसाळ्यानंतरचं गवत चहूकडे हिरवं होतं, आणि खांबाच्या बुडाशी हातभर चौकोनातलं तेवढं पिवळं पडलं होतं. गवताचा थर कापून पुन्हा जागच्या जागी बसवला होता. संघमित्राबाईंनी तो उचलला. खाली दगड होते, एकात एक घट्ट ठोकून बसवलेले, चारी कोपऱ्यांत सारखे. अमरदीपला ते सब्बलने उचकटायला दहा मिनिटं लागली.

त्याखाली मातीत ताटाएवढा गोल ठसा होता, गंजाने काळातांबूस. कडेला डांबराचे तुकडे.

“हाच एकवीस,” संघमित्राबाई म्हणाल्या.

डबा नव्हता.

गिरजाबाई खाली बसल्या. त्यांनी त्या गोल जागेवर तळहात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाई, नंबराची ही रीत,” त्या हळूच म्हणाल्या, “तं एकट्या…”

“हो मावशी.”

“नाव नका घेऊ. उद्या पहिले त्याले विचारा. मंग घेजा.”

७

रविवारी सकाळी संघमित्राबाई कृष्णरावांच्या अंगणात उभ्याच राहिल्या, बसल्या नाहीत. वच्छलाबाईंना त्यांनी मुद्दाम थांबवून घेतलं.

“काका, मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर टोका. बुधवारी एकवीस आकडा तिघांनी ऐकला. अमरदीपनं सरळ मोजला अना चुकला. विजयकुमारनं बी सरळच मोजला असता. बरोबर खांब एकच माणूस शोधू शकत होता, ज्यानं नंबर टाकले. काल तुम्ही मला सरळ मोजा म्हणून सांगितलं. ते विसरणं नव्हतं, ती वाट चुकवणं होती.”

कृष्णराव खाटेच्या दोरीची गाठ सोडत बसले.

“काल पाहिलं तवा गवत दोन दिवसांपूर्वी कापलेलं होतं. म्हणजे गुरुवार. गुरुवारी मैदान रिकामं राहील हे कोणी ठरवलं? तुम्ही. वकिलाकडं जा म्हणून तुम्हीच आग्रह केला. तरी बी माझी खात्री पटली नसती. पण तुम्ही खड्डा बुजवला, काका. दुसरा कोणी असता तर माती लोटून पळाला असता. तुम्ही उन्हात, त्या गुडघ्यांनी, बसून गिट्टी ठोकली. चारी कोपरे सारखे केले. चाळीस वर्षं गँगले एकच सांगितलं ना, खोदलेली जागा उघडी सोडायची नाही, गाडी येईल. तिथं कोणती गाडी येणार होती?”

वच्छलाबाईंनी भिंतीजवळच्या बीटरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“कागदावर दुसरी सही तुमची आहे,” संघमित्राबाई म्हणाल्या. “अना शपथपत्रावर बी तुमचीच.”

 मग कृष्णरावांचा तो मोठा आवाज अगदी बारीक होऊन आला. “राजकुमार तीन वर्षं घरी बसून होता. बिल्डरवाल्याइनं कामावर घेतलं, अना मंग एक दिवस कागद पुढं केला. बाबा, नुसती सही पाहिजे, बाकी काही नाही. मले वाटलं, चंपतचा कागद कुठं हाय हे कोणाले मालूम? तो तं गेला. अना बुधवारी वयनी म्हणाल्या, एकवीस.” त्यांनी तोंडावर हात धरला. “कागद निघाला तं मी खोटी शपथ घेतली म्हणून आत जाईन. अना पोराची नोकरी.”

“तुमचा पाय मोडला होता,” वच्छलाबाई एकाएकी म्हणाल्या, “तवा महिनाभर दवाखान्यात जेवणाचा डबा कोण घेऊन येत होता? सायकलवर? जुनवानीवरून दुर्गले?”



“कागद जाळला का?” संघमित्राबाईंनी विचारलं. 

“सांगत नाही,” कृष्णराव म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

८

सोमवारी अकराला तहसीलच्या व्हरांड्यात गिरजाबाई पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. संघमित्राबाईंच्या पिशवीत नकाशा, गंजलेल्या मातीची पुडी आणि डांबराचे तुकडे होते. तेवढ्यावर केस टिकणार नाही हे वकिलाने दोनदा सांगितलं होतं. “नाही टिकली तर पुढच्या कोर्टात जाऊ,” संघमित्राबाईंनी दोनदा उत्तर दिलं होतं.

कृष्णराव आले, पण समोरच्या बाजूने आले. एकीकडे विजयकुमार, दुसरीकडे राजकुमार, मध्ये ते. हातात कापडी पिशवी. गिरजाबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

पुकारा झाला. तहसीलदारांनी शपथपत्र उचललं आणि विचारलं, “आप ही कृष्णराव ठवकर हैं? ये दस्तखत आपका है?”

“जी साहब. मेरा है.”

विजयकुमारने मागे टेकून पाय पसरले.

कृष्णरावांनी पिशवीत हात घातला. बाहेर निघाला तो रिळाचा डबा, कडेला डांबर चिकटलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला. झाकण त्यांना काढता येईना, शेवटी शिपायाने काढलं.

“साहब, इसमें जो कागज है, उस पर भी दस्तखत मेरा है. दोनों मेरे हैं.” त्यांनी शपथपत्राकडे बोट केलं. “ये वाला झूठा है. जो सजा होगी, दे दीजिए.”

“बाबा!” राजकुमार उभा राहिला.

“बस, बेटा,” कृष्णराव म्हणाले. आवाज पुन्हा गँगवरचा झाला होता. राजकुमार बसला.

तहसीलदारांनी पिवळा पडलेला कागद दोनदा वाचला. केबिन, आणि खांब नंबर एक ते चोवीसची जमीन, चंपत आणि त्याच्या बायकोला राहायला दिली, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी जागा खाली करण्यावर रोक लावली आणि बुधवारी पटवारी मोजणी करील असा हुकूम दिला. खोट्या शपथेचं काय करायचं ते नंतर पाहू, म्हणाले.

“साहब, नपाई किससे करेंगे?” विजयकुमारने शेवटचा डाव टाकला. “खंभों पर नंबर है ही कहाँ?”

तेव्हा गिरजाबाई पहिल्यांदा बोलल्या. “नंबर हो जाएगा साहब. डालने वाला जिंदा है.”

मंगळवारी सकाळी कृष्णराव पांढऱ्या पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन मैदानात आले. गिरजाबाई वाटेच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या, संघमित्राबाई शेजारी. इतकी वर्षं ‘भाऊ’ म्हणणाऱ्या गिरजाबाई आज तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, “मोठ्यानं बोलत जा. मले वाचता येत नाई.”

कृष्णराव डाव्या अंगाने निघाले. प्रत्येक खांबापाशी गुडघे धरून वाकत, फडक्याने गंज पुसत, आकडा काढत आणि मोठ्याने सांगत. एक. तीन. पाच. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली. सतरा. एकोणीस.

एकवीसपाशी त्यांनी आकडा नीट काढला, पण तोंडून शब्द फुटेना. ब्रशवरून पेंट परत बसवलेल्या गवताच्या पिवळ्या चौकोनावर टपकत राहिला. 

गिरजाबाई उठल्या. किटलीतला चहा त्यांनी कपात ओतला आणि तो कप खांबाशेजारी जमिनीवर नेऊन ठेवला.

“एकवीस,” त्यांनीच मोठ्याने म्हटलं. “थांबू नका, कृष्णराव. अजून तेरा राहिले.”